ऐसपैस म्हणजे किती?

पर्यटन खात्याकडून हॉटेलांना तारे मिळतात, त्या नियमांत खोलीची किमान मापं दिलेली आहेत. एक आणि दोन ताऱ्यांना १२० चौरस फूट, तीनला १३०, चारला १४० आणि पाच ताऱ्यांना २००. न्हाणीघर यात धरायचं नाही, त्याचं माप वेगळं. फणसवाडीत हे आकडे कुणी वाचून दाखवले तर हशा पिकेल. १२० चौरस फूट म्हणजे दहा बाय बारा, इथल्या जुन्या चाळीतली सरळ एक खोली. तिच्यात आईवडील, चार भावंडं, एक आजी आणि नोकरीच्या शोधात कोकणातून आलेला पुतण्या असा संसार दोन-दोन पिढ्या चालला, आणि त्याला कुणी तारे दिले नाहीत.

हे आकडे निघाले ते एका मामा-भाचीच्या वादात. मामा फणसवाडीत व्यंकटेशाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर तिसऱ्या मजल्यावर राहतात. दक्षिण मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात रूम बॉय म्हणून लागले आणि हाउसकीपिंगचे फ्लोअर सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. भाचीचं दादरला छोटं ऑफिस आहे. खिसा खोल असलेल्या मोजक्या कुटुंबांच्या परदेशी सहली ती आखून देते. आता मेट्रो थेट गिरगावात येते, त्यामुळे तिच्या मामाकडच्या फेऱ्या वाढल्यात आणि वादही. नावं देत नाही. मी शेजारी, चहाला हजर होतो. ऐकलं तसं देतो, मधे मधे माझं नाक खुपसलंय ते वेगळं कळेल.

भाची : मामा, माझ्याकडे येणारा माणूस फोनवर पहिलं काय विचारतो सांगू? "खोली केवढी आहे?" भाव नंतर, ब्रेकफास्ट नंतर. दुबईचं बुर्ज अल अरब घे, १९९९ साली उघडलेलं. तिथे साधी खोली नाहीच. सगळे दोन मजली सूट, आणि त्यातला सगळ्यात लहान साधारण १७० चौरस मीटरचा. म्हणजे अठराशे चौरस फूट! लोक एक रात्र राहतात आणि वर्षभर सांगतात.

मामा : सांगू देत. ते वावरतात कुठे, ते मला विचार. चादरी मी बदलल्यात. आमच्या मोठ्या सूटमध्ये आठ माणसांचं जेवणाचं टेबल होतं. त्याच्यावरची मी फक्त धूळ पुसली. सोफ्याच्या उशा आदल्या दिवशी लावल्या तशाच्या तशा. अगं, कार्पेटवर व्हॅक्यूम मारला की पट्ट्या उमटतात. दुसऱ्या दिवशी त्या कुठे मोडल्यात ते बघायचं. दार ते पलंग, पलंग ते बाथरूम, आणि चार्जरचा प्लग असेल तिथपर्यंत. बाकीच्या पट्ट्या शाबूत.

भाची : वापरलं नाही म्हणजे नको होतं, असं कुठे आहे? देवघरासमोर तू दिवसाकाठी किती वेळ असतोस? पाच मिनिटं. म्हणून काढून टाकशील?

मामा : माझं देवघर भिंतीवर आहे. दीड फूट.

(इथे भाची हसली, पण मुद्दा तिचाच वरचढ होता. न वापरलेल्या जागेसाठी पैसे मोजणं यालाच तर जगात चैन म्हणतात. मामांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी लगेच आकडेमोड काढली.)

मामा : हिशेब ऐक. किंग साइज पलंग सहा बाय साडेसहा, म्हणजे एकोणचाळीस फूट. दोन्ही अंगांना आणि पायथ्याशी अडीच-अडीच फूट सोड. झाले अकरा बाय नऊ, म्हणजे शंभरेक फूट. चादर खोचायला एवढं लागतंच, त्याच्याखाली गेलं की गुडघा आपटतो. दोनशेच्या खोलीत उरले शंभर. त्यात कपाट, टेबल, खुर्ची, बॅग ठेवायचा स्टँड. झालं की! आणखी काय नाचायचंय?

भाची : आणि बॅगा उघडायच्या कुठे? तुझ्या वेळच्या बॅगेचं झाकण वर व्हायचं. आताची मधोमध उघडते आणि दोन्हीकडे सपाट पसरते. एक मोठी बॅग उघडली की आठ-दहा फूट खाते. नवरा-बायकोच्या दोन, खरेदीची तिसरी. तुझ्या शंभरातले तीस गेले. मग रात्री बाथरूमला जाताना उड्या. पन्नास हजार भाडं देऊन उड्या कोण मारेल?

मामा : हे मान्य. बॅग हाच खरा पाहुणा. स्टँड एक आणि बॅगा तीन, हे मी रोज बघितलंय. एक बॅग टबमध्ये उघडून ठेवलेली असायची.

भाची : बघ!

मामा : बघ काय? मग म्हण की बॅगेला जागा हवी. माणसाला हवी असं का म्हणतेस? बरं, ते राहू दे. ती महाराजांची आगगाडी, तिची तिकिटं तूच काढून देतेस ना?

भाची : महाराजाज एक्सप्रेस. देते.

मामा : केबिन केवढी तिच्यात? सांग की, लाजतेस कशाला?

भाची : डीलक्स केबिन ११२ चौरस फूट.

मामा : एकशे बारा! म्हणजे माझ्या या खोलीपेक्षा आठ फूट कमी. आणि माणशी लाखांत पैसे मोजून लोक तिच्यात आठवडा काढतात, वर फोटो टाकतात. आता बोल.

भाची : बोलते ना. त्याच गाडीत नवरत्न नावाचा सूट आहे. अख्खा डबा एकाच कुटुंबाला, ४४८ चौरस फूट. म्हणजे ज्याला परवडतं तो आगगाडीतसुद्धा आधी जागाच विकत घेतो. आणि दुसरं, गाडीत खिडकीबाहेर राजस्थान सरकत असतं. इथे तुझ्या खिडकीबाहेर काय सरकतं? समोरच्या बिऱ्हाडाचा टॉवेल.

मामा : म्हणजे खोलीला बाहेरचं काय जोडलंय, त्याचे पैसे.

भाची : दोन्हीचे.

दोघांचं इथे जमलं नाही, आणि जमायचं कारणही नाही. आपली डेक्कन ओडिसी २००४ पासून धावते, तिच्या केबिनही ऐसपैस नाहीत, आणि तरी कुणी तिला अडचणीची गाडी म्हणत नाही. उलट मुंबई सेंट्रल स्टेशनात नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉडचं विश्रामगृह उघडलं, झोपण्यापुरत्या ४८ कप्प्यांचं. स्वच्छ, थंडगार, दिवा-प्लग सगळं जागेवर. पण त्याला सोय म्हणतात, चैन कुणी म्हणत नाही. पॉडमधला माणूस पुढची गाडी पकडायला थांबलेला असतो आणि डेक्कन ओडिसीतला पोचायची घाई नसलेला. हा फरक फुटपट्टीनं मोजता येत नाही, हे मामांचं म्हणणं मला पटतं. पण भाचीसारखं ज्याला हे रोज विकायचं आहे, त्यानं काय छापायचं? छापता येण्यासारखा आकडा एकच, चौरस फुटांचा. शांतता किती, ते छापता येत नाही. शेजारच्या खोलीतला फ्लश ऐकू येतो का, तेही कुणी छापत नाही.

मामा : आणि चौरस फूट तरी कुठले गं तुझे? परवा आमच्या पुनर्विकासाची मीटिंग झाली. उपकरप्राप्त इमारतीतल्या भाडेकरूला कमीत कमी ३०० फूट मिळतात. माझा पहिला प्रश्न, कार्पेट का बिल्ट-अप? गिरगावातलं शेंबडं पोरसुद्धा आता हे विचारतं. तुझे श्रीमंत विचारतात?

भाची : नाही विचारत. आणि तिथेच ते फसतात. घर घेताना २०१६ चा रेरा कायदा आहे, बिल्डरला कार्पेट सांगावंच लागतं. हॉटेलच्या जाहिरातीला असलं काही बंधन नाही. कुणी बाथरूम धरून सांगतं, कुणी दारातला बोळ धरून, कुणी बाल्कनीसकट. फोटो काढताना तर कॅमेरा असा कोपऱ्यात लावतात की दहा फुटांची भिंत वीस फुटांची वाटावी. एका हॉटेलनं ४५० फूट सांगितलं होतं. मी स्वतः जाऊन टेप लावला. बाथरूम आणि बोळ सोडून राहिले अडीचशे.

मामा : टेप घेऊन फिरतेस?

भाची : पर्समध्ये असतो.

मामा : ही आमची खरी भाची. पण टेपनं तू खालची जमीनच मोजतेस. उंची? ताजची जुनी इमारत बघ, १९०३ ची. आराखडा करणाऱ्यांत आपले सीताराम खंडेराव वैद्य होते. त्या इमारतीत शिरलं की नजर आधी वर जाते. जुन्या बांधणीत छत उंच, वारा खेळता, त्यामुळे खोली आहे त्यापेक्षा मोठी भासते. आपल्या चाळीतसुद्धा उंची होती म्हणून पोटमाळा निघाला, आणि पोटमाळा निघाला म्हणून तुझा मोठा मामा अभ्यास करून इंजिनीअर झाला. आताच्या टॉवरमध्ये हात वर केला की पंखा लागतो. तुझ्या कागदावर उंचीचा रकाना आहे?

भाची : नाहीये. घालायला हवा.

(हे तिनं खरंच फोनमध्ये टिपून घेतलं.)

मोठ्या खोल्यांचं पुढे काय होतं, याचा एक नमुना इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. काळा घोड्याचं वॉटसन्स हॉटेल. लोखंडी सांगाडा इंग्लंडात घडवून जहाजानं मुंबईत आणला, १८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं, १३० खोल्यांचं. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं देशात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. त्याच वर्षी मार्क ट्वेन येऊन राहून गेला आणि मुंबईच्या कावळ्यांवर सविस्तर लिहून गेला. पुढे ताज आलं आणि वॉटसनचा तोरा उतरला. हॉटेल बंद पडलं, एस्प्लनेड मॅन्शन असं नाव झालं, आणि साहेबांच्या त्या खोल्यांत आडव्या-उभ्या फळ्या ठोकून वकिलांची ऑफिसं, बिऱ्हाडं, दुकानं मावली. २००५ मध्ये सज्ज्याचा भाग कोसळला. आता इमारत रिकामी करून घेतलीय. उलटी गोष्ट लालबाग-परळची. तिथल्या गिरणगावात एकेका गाळ्यात गावचे दहा-पंधराजण पाळीनं झोपायचे. रात्रपाळीचा कामावर निघाला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसरा आडवा व्हायचा. त्यातल्या फिनिक्स मिलच्या आवारात आज सेंट रेजिस हॉटेल उभं आहे. ज्या जमिनीवर माणशी एक वळकटी होती तिथे आता माणशी एक दिवाणखाना. या शहराला जागेचं माप कधी नेमकं ठरवताच आलेलं नाही.

मामा : टिळक मुंबईत आले की कुठे उतरायचे? सरदारगृहात, क्रॉफर्ड मार्केटजवळ. लॉज होतं ते. १ ऑगस्ट १९२० ला तिथेच गेले. एवढा मोठा माणूस, लॉजची खोली पुरली.

भाची : टिळकांना मधे आणू नकोस. ते सुट्टीवर नव्हते.

मामा : बरं, नाही आणत.

भाची : आणि मोठी माणसंच आणायची तर बाबासाहेबांना आण. परळच्या बीआयटी चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्यांत वीसेक वर्षं काढली. सगळे झोपले की रात्री वाचत बसायचे. मग दादरला राजगृह बांधलं, कशासाठी? पुस्तकांसाठी. त्यांना जागेचं महत्त्व कळत नव्हतं असं म्हणशील? ज्यानं अडचणीत दिवस काढले त्यालाच जागा म्हणजे काय ते कळतं. तुला उगाच चाळीचं कौतुक.

मामा : कौतुक नाही गं. सवय म्हण.

भाची : सवय तुझी. आईची विचारलीस कधी? तिला साडी बदलायला मोरी होती, आणि मोरीला पडदा. दार नव्हतं. पाहुणे आले की ती जिन्यात बसून अभ्यास करायची. तू गॅलरीत झोपायचास, वारा खात. ती आजीच्या आणि भिंतीच्या मधे. गॅलरी, गॅलरी करता तुम्ही सगळे पुरुष. गॅलरीत रात्री झोपलेली एक बाई दाखव मला.

मामा काही बोलले नाहीत. मी चहाचा कप उगाचच बशीत फिरवला. चाळीवर लिहिणाऱ्या आम्हा मंडळींचा निम्मा मजकूर गॅलरीतून लिहिलेला असतो, आणि गॅलरीत कोण उभं असायचं हे आम्ही सोयीस्कर विसरतो.

भाची : लग्न झाल्यावर आई-बाबा चार दिवस महाबळेश्वरला गेले होते. हॉटेल साधंच. आई अजून त्याबद्दल काय सांगते माहितीय? पॉइंट नाही, स्ट्रॉबेरी नाही. म्हणते, आतून कडी लावता येणारी माझी पहिली खोली. केवढी होती विचारलं तर हात पसरून दाखवते, अशी मोठी. मी नंतर तेच हॉटेल शोधून बघितलं. दहा बाय अकरा.

मामा : (थोड्या वेळानं) म्हणजे इथल्यापेक्षा लहानच.

भाची : हो. पण दोघांना.

मामा : मग तू माझीच बाजू मांडतेस की. फूट महत्त्वाचे नाहीत, कडी महत्त्वाची.

भाची : कडी महत्त्वाची, पण कडीच्या आत किती माणसं ते धरून. भागाकार करायचा, मामा. माझ्या बायका-ग्राहकांना मी कधी विचारलं की मोठी खोली कशाला हवी, तर उत्तर एकच येतं. "नवरा टीव्ही लावेल तेव्हा मला दुसरीकडे बसता आलं पाहिजे." सूट म्हणजे काय? मधे एक दार. पैसे त्या दाराचे असतात.

मामा : हे दाराचं मी बघितलंय. लग्नाच्या वाढदिवसाला आलेली जोडपी सूट घ्यायची, आणि सकाळी एक उशी सोफ्यावर सापडायची.

भाची : घोरण्यामुळे रे!

मामा : मी कुठे काय म्हटलं? आम्ही उशी उचलायची आणि जागेवर ठेवायची. पण एक सांग, तुझी मराठी गिऱ्हाइकं. चार कुटुंबं मिळून जातात ना? संध्याकाळी काय करतात?

भाची : एकाच्या खोलीत जमतात. सगळे. पलंगावर सहा, खाली तीन, एकजण खिडकीत. डबे निघतात, भडंग, चकल्या, कुणाच्या तरी आईनं दिलेलं मेतकूट. किटलीत पाणी उकळून चहा. खाली लाउंजमध्ये पियानो वाजत असतो, फुकट बिस्किटं असतात, पण मंडळी वर भेंड्या लावतात. मग खालून फोन येतो, आवाज कमी करा.

मामा : तो फोन करायला मला सांगायचे. मराठी बोलतो म्हणून. मी दारावर जाऊन हळूच सांगायचो, "काका, जरा हळू," आणि दोन चकल्या घेऊन परत यायचो. आता बघ, त्या लोकांना मोठी खोली कशाला हवी होती? झोपायला नव्हे. बसायला. त्यांना गॅलरी हवी होती, तू चिडलीस तरी म्हणतो. चपला काढून मांडी घालता येईल अशी, सगळ्यांची आणि तरी आपली. हॉटेल त्यांना लाउंज देतं, तिथे पाय वर घेता येत नाहीत.

भाची : हे मात्र आहे. म्हणून मी अशा ग्रुपला सांगते, सगळ्यांनी साध्या खोल्या घ्या आणि एकानं मोठा सूट घ्या, वर्गणी काढून. प्रत्येकानं थोडी थोडी मोठी खोली घेतली तर कुठेच दहाजण मावत नाहीत आणि खर्च जास्त.

मामा : सार्वजनिक सूट. गिरगावची पोरगी शोभतेस.

माझ्या मते या अख्ख्या वादातली कामाची गोष्ट ही होती. श्रीमंत प्रवासी म्हणजे एकटाच खुर्चीत बसून समुद्र न्याहाळणारा गृहस्थ, असं हॉटेलं धरून चालतात. आपल्याकडचा श्रीमंत प्रवासी एकटा क्वचितच असतो. त्याच्याबरोबर आई असते, साडू असतो, साडूच्या मुलाला गाडी लागत असते. खोलीचं माप दोन माणसांवर बेतलेलं आणि वापरणारी सात. मग एका रात्रीपुरतं कसंही चालतं, पाचव्या दिवशी भांडण होतं आणि खापर हॉटेलवर फुटतं. एका रात्रीच्या मुक्कामाला मोठ्या खोलीचे पैसे घालवणाऱ्याला माझ्या मते पैसे कुठे टाकावेत ते कळत नाही. आठ रात्रींच्या मुक्कामाला ते वाचवणाऱ्यालाही कळत नाही.

भाची : आता मी आले होते ते काम. दादरचं कुटुंब आहे, शिवाजी पार्कचं. नवरा-बायको, कॉलेजातली मुलगी आणि आजी. जपानला निघालेत, मार्चअखेर, साकुरा बघायला. टोकियो आणि क्योटो. टोकियोत चांगल्या हॉटेलातसुद्धा खोल्या लहान असतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलंय, त्यामुळे घाबरलेत. म्हणतात, सगळ्यात मोठी खोली काढ.

मामा : मिळते?

भाची : मिळते ना. तिथे २०१४ मध्ये अमन टोकियो उघडलं, ओतेमाचीतल्या ऑफिसच्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यांवर. तिथली अगदी सुरुवातीची खोलीच ७१ चौरस मीटरची, साडेसातशे फुटांच्या वर. ज्या शहरात लोक कपाटाएवढ्या घरात राहतात, तिथे महागडं हॉटेल काय विकतं बघ. जागा! तुझ्या तोंडावर मारायला याच्याइतका पुरावा नाही.

मामा : मार. आणि क्योटोत?

भाची : क्योटोत र्‍योकान. त्यांची जुनी सराई. तावाराया म्हणून एक आहे, तीनशे वर्षांची, खोल्या फक्त अठरा, आणि मिळणं महाकठीण. तिथे खोली फुटात मोजत नाहीत, चटयांत मोजतात. आठ चटयांची, दहा चटयांची. खोलीत सामान जवळजवळ नाहीच. एक बुटकं टेबल, कोनाड्यात एक फूल, समोर वीतभर बाग. दिवसा तिथेच चहा, तिथेच जेवण. रात्री बाई येते, टेबल सरकवते, कपाटातून गाद्या काढून घालते. सकाळी पुन्हा गाद्या कपाटात.

मामा : (खूश होऊन) म्हणजे आमचंच! दिवसा बैठक, रात्री अंथरूण, सकाळी वळकटी. आणि त्याचे किती घेतात?

भाची : तुला सांगत नाही. आज जेवायचा नाहीस.

मामा : बघ, पलंग काढला की खोली मोठी झाली. साध्या खोलीत निम्मी जागा पलंग खातो, चोवीस तास खातो, आणि माणूस झोपतो सात तास. मी असतो तर तुझ्या श्रीमंतांना आधी तिथे पाठवलं असतं.

भाची : आजींना खाली बसता येत नाही. गुडघे. र्‍योकान आजींसाठी बाद. म्हणून मी ठरवलंय, टोकियोत मोठा सूट, दोन बेडरूमचा, आणि क्योटोत पलंग असलेलं हॉटेल. सूटमध्ये चौघं एकत्र, आजींना वेगळी बेडरूम, मधे दिवाणखाना. नकाशा बघ हा.

मामांनी चष्मा लावला. नकाशा त्यांनी नाकाशी धरला, मग लांब धरला, मग बोटानं एक रेघ ओढली. आयुष्यभर कार्पेटच्या पट्ट्या वाचलेला माणूस नकाशासुद्धा पायांनी वाचतो.

मामा : आजींचा पलंग हा?

भाची : हो. खिडकीजवळ. टोकियो टॉवर दिसतो.

मामा : आणि त्यांचं बाथरूम?

भाची : हे. या कपड्यांच्या खोलीतून आत.

मामा : म्हणजे पलंगावरून उठायचं, हा सोफा चुकवायचा, या बोळातून वळायचं, कपड्यांच्या खोलीतून जायचं आणि मग दार. तीस फूट होतील. अंधारात, परक्या देशात, पायात त्या कागदी सपाता. माझ्या नोकरीत म्हातारी माणसं पडलेली मी बघितली ती मोठ्याच खोल्यांत. लहान खोलीत हात टेकायला भिंत असते.

भाची : रात्री दिवा असतो रे, जमिनीलगत.

मामा : कुठलं बटण दाबलं की तो लागतो ते तुला तरी सापडतं का पहिल्या रात्री? पलंगाशी आठ बटणं असतात. त्यापेक्षा दोन साध्या खोल्या घे, मधे दार असलेल्या. एकीत आजी आणि नात. पलंगापासून बाथरूम सहा पावलांवर. पैसेही वाचतील.

भाची : पैसे त्यांना वाचवायचेच नाहीत! त्यांना सांगायचंय की सूट घेतला होता.

मामा : मग सूट नवरा-बायकोला घे, खालच्या बाजूला. सांगायला झालं. पण आधी विचारून घे, आजी रात्री किती वेळा उठतात.

भाची : हे कसं विचारणार मी? लाखांची सहल घेतायत आणि मी फोन करून हे विचारू?

मामा : मुलाला विचारूच नकोस, त्याला माहीत नसणार. सुनेला फोन लाव.